धातूच्या अतिपातळ थरातली अणुकंपनं लॅपटॉपवर कशी काढायची

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी इथल्या एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पोरांना शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्टचा विषय शोधताना एक अडचण हमखास येते. पृष्ठभागाचं भौतिकशास्त्र आवडतं, पण त्यासाठी लागणारा अल्ट्रा हाय व्हॅक्यूम कुठून आणायचा? दाब मिलिबारच्या दहा अब्जाव्या हिश्श्यापर्यंत खाली न्यावा लागतो. तेवढा व्हॅक्यूम नसेल तर स्वच्छ केलेल्या स्फटिकावर हवेतल्या वायूंचा थर बघता बघता चढतो. टॉरच्या दहा लाखाव्या हिश्श्याइतक्या दाबाला यासाठी सेकंदभर पुरतो. असं उपकरण आपल्या बहुतेक कॉलेजांत नाही आणि लवकर येईल असंही दिसत नाही.

पण धातूच्या एक-दोन-पाच अणुथरांची कंपनं कशी असतात, याचं गणित साध्या लॅपटॉपवर होतं, आणि नुसतं खेळ म्हणून नाही, तर छापून आलेल्या मोजमापांशी ताडून बघता येईल इतकं नीट होतं. या लेखात ती वाट पायरीपायरीने दिली आहे. बी.एस्सी.ला शिकलेली एकाणू साखळी आठवत असेल आणि पायथॉनमध्ये मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढता येत असतील, तर एवढ्या शिदोरीवर निघायला हरकत नाही.

सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो. बहुतेक जण थेट मोठं सॉफ्टवेअर डाउनलोड करतात, आठवडाभर ते इन्स्टॉल करण्यात घालवतात आणि शेवटी एक रंगीत आलेख मिळवतात. त्यातली कुठली रेघ थराची आणि कुठली खालच्या स्फटिकाची, हे विचारलं की गाडी अडते. म्हणून आधी साखळी, मग स्लॅब (अनेक अणुथरांची त्रिमितीतली पाटी), आणि खरी बलं सगळ्यात शेवटी.

पायरी पहिली: प्रश्न नेमका करा आणि एककं भिंतीवर लावा

"पातळ थरातले फोनॉन" (फोनॉन म्हणजे अणुकंपनांचे क्वांटम) हा प्रोजेक्टचा विषय होत नाही, तो फार तर प्रकरणाचा मथळा होईल. विषय असा हवा: तांब्याच्या (००१) पृष्ठभागावर (कंसातले आकडे स्फटिक कोणत्या दिशेने कापला ते सांगतात) निकेलचे एक, दोन, तीन थर चढवले तर पृष्ठभागालगत धावणाऱ्या रेले लहरीची वारंवारिता किती सरकते? किंवा: सोडियमच्या थरांची संख्या वाढेल तशी उभ्या कंपनाची वारंवारिता कोणत्या नियमाने उतरते? दोन्ही प्रश्न सेमिस्टरभरात सुटतात. आपण दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण त्याला साखळी पुरते.

या क्षेत्रात प्रत्येक जण वेगळं एकक वापरतो. पृष्ठभागावर हीलियम अणूंचा झोत मारणाऱ्यांचं मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, न्यूट्रॉनवाल्यांचं टेराहर्ट्झ, इलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीतल्या अनेकांचं व्यस्त सेंटिमीटर. १ टेराहर्ट्झ म्हणजे ४.१३६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजेच ३३.३६ प्रति सेंटिमीटर. स्प्रिंगच्या बाबतीत १ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति चौरस अँग्स्ट्रॉम म्हणजे १६.०२ न्यूटन प्रति मीटर. हे दोन्ही आकडे कागदावर लिहून समोर चिकटवा. २पाय कुठे गुणायचा आणि कुठे भागायचा, यातला घोळ तर सगळ्यांचाच होतो. त्यावर उपाय म्हणजे प्रोग्रॅममध्ये आत सगळीकडे कोनीय वारंवारिता ठेवायची आणि छापताना एकदाच २पायने भागायचं.

पायरी दुसरी: साखळी मांडा

थर स्फटिकावर सपाट बसला आहे आणि सगळे अणू एकाच तालात वर-खाली होत आहेत, असं धरा. म्हणजे पृष्ठभागाला समांतर तरंगसदिश शून्य. या एकाच बिंदूवर प्रत्येक अणुथर एका मण्यासारखा वागतो आणि त्रिमितीचा प्रश्न एकमितीचा होतो. खालचा स्फटिक तूर्त अचल भिंत समजा. मणी 'एन', प्रत्येकाचं वस्तुमान एका अणूइतकं, मधल्या स्प्रिंगा सारख्या, खालचं टोक भिंतीला बांधलेलं आणि वरचं मोकळं.

अशा साखळीच्या वारंवारितांसाठी नेमकं सूत्र आहे. साखळीची सर्वोच्च शक्य वारंवारिता घ्या. ती म्हणजे स्प्रिंग भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळाची दुप्पट, भागिले २पाय. तिला एका साइनने गुणा. साइनच्या आतला कोन म्हणजे (२एम − १) गुणिले पाय, भागिले २(२एन + १). इथे एम हा कंपनप्रकाराचा क्रमांक आहे, १ पासून एन पर्यंत.

प्रोग्रॅम लिहिण्याआधी दोन मण्यांचं उदाहरण हाताने सोडवा. मॅट्रिक्समध्ये पहिल्या ओळीत २ आणि −१, दुसऱ्या ओळीत −१ आणि १. आयगेनव्हॅल्यूंची वर्गमुळं ०.६१८ आणि १.६१८ येतात, म्हणजे चक्क सुवर्णगुणोत्तर! सूत्रातून १८ आणि ५४ अंशांच्या साइनची दुप्पटही तीच येते. तुमच्या प्रोग्रॅमने हे दोन आकडे दिले, तरच पुढे सरका.

आता खरे आकडे. सोडियमचा अणुभार २२.९९, त्याच्या (११०) थरांमधलं अंतर ३.०३ अँग्स्ट्रॉम, आणि थरांना लंब दिशेने ध्वनीचा वेग साधारण ३.३ किलोमीटर प्रति सेकंद. वेग म्हणजे अंतर गुणिले (स्प्रिंग भागिले वस्तुमान) याचं वर्गमूळ. त्यावरून स्प्रिंग सुमारे ४.५ न्यूटन प्रति मीटर निघते आणि सर्वोच्च वारंवारिता सुमारे ३.४७ टेराहर्ट्झ. पाच थरांसाठी पहिला कंपनप्रकार ०.४९ टेराहर्ट्झ, म्हणजे साधारण २ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट.

हाच प्रश्न ध्वनीशास्त्राच्या भाषेत सोडवून बघा. एक टोक बंद आणि एक उघडं असलेल्या नळीत सर्वांत खालच्या सुराला पाव तरंगलांबी बसते, म्हणून वारंवारिता म्हणजे वेग भागिले चार वेळा जाडी. पाच थर म्हणजे १५.१५ अँग्स्ट्रॉम, आणि उत्तर ०.५४ टेराहर्ट्झ. साखळीचं उत्तर दहा टक्क्यांनी कमी का? भिंत सगळ्यात खालच्या अणूच्या अजून एक अंतर खाली आहे आणि मोकळं टोक शेवटच्या अणूच्या अर्धं अंतर वर धरावं लागतं. त्यामुळे नळीची खरी लांबी एन नसून एन अधिक अर्धा. जाड थरात या अर्ध्याला कोण विचारतो? पाच थरांत मात्र तो दहा टक्के आहे, आणि एका थरात तर उत्तराचं रूपच बदलतो.

या कंपनांना ऑर्गन-पाइप मोड हेच नाव पडलं आहे. तांब्याच्या (००१) पृष्ठभागावर एकेक थर चढवलेल्या सोडियममध्ये हीलियम अणूंचा झोत मारून ती १९९२ मध्ये मोजली गेली. गटिंगेनमधल्या यान पीटर टोएनिस यांच्या गटाचं ते काम. थरांची संख्या बदलली की सुरांची अख्खी मालिका कशी खाली सरकते, ते त्यात दिसतं.

पायरी तिसरी: तळाची स्प्रिंग वेगळी करा

इथे जरा रेंगाळायला हवं. साखळीच्या सूत्रात एन बरोबर १ टाका. सोडियमच्या एका थराचं उभं कंपन १.७३ टेराहर्ट्झ, म्हणजे सात मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतं. प्रयोगात तांब्यावरच्या सोडियमच्या एका थराचं उभं कंपन याच्या दुपटीहूनही वर सापडतं. गणित चुकलं नाही, गृहीतक चुकलं. सोडियम-सोडियममधली ओढ आपण सोडियम-तांबे यांच्यामध्येही तशीच लावली. प्रत्यक्षात पृष्ठभागाला चिकटलेला पहिला थर इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण करतो आणि बराच घट्ट बसतो.

म्हणून मॅट्रिक्समध्ये तळाची स्प्रिंग हे स्वतंत्र चल ठेवा. ती बाकीच्यांच्या पाव पटीपासून दहा पटीपर्यंत फिरवा आणि पाच थरांच्या पहिल्या सुराचं काय होतं ते बघा. सारख्या स्प्रिंगला ०.४९ मिळालं होतं. तळाची स्प्रिंग सहापट केली की ०.५८ च्या जवळ जातं, आणि अनंत केली तर सगळ्यात खालचा अणू गोठून ०.६० वर थांबतं. म्हणजे एका थराचं कंपन तळाच्या स्प्रिंगवर पूर्ण अवलंबून आहे, तर पाच थरांचा खालचा सूर तिच्यामुळे २०-२२ टक्केच हलतो. याचा अर्थ उघड आहे. तळाची स्प्रिंग ठरवायची असेल तर एक-दोन थरांची मोजमापं वापरा, आणि थराच्या आतली स्प्रिंग ठरवायची असेल तर जाड थरांची. उलटं केलंत तर कुठलाही आकडा कुठेही बसवता येतो.

परीक्षक याच ठिकाणी बोट ठेवतात, तेव्हा हा आलेख प्रबंधात जरूर टाका.

पायरी चौथी: भिंत काढा, खाली खरा स्फटिक ठेवा

अचल भिंत सोयीची असली तरी खोटी आहे. थर थरथरला की थोडी ऊर्जा खाली झिरपते. किती झिरपते, हे ध्वनिक इम्पिडन्स सांगतो. तो म्हणजे घनता गुणिले वेग. सोडियमचा सुमारे ३२ लाख एसआय एककं, तांब्याचा सुमारे ३९० लाख. गुणोत्तर बारापट. परावर्तनाचं सूत्र (फरक भागिले बेरीज, त्याचा वर्ग) लावलं तर दर धडकेला सुमारे ७२ टक्के ऊर्जा परत येते. शहाबादी फरशीवर टाकलेल्या गादीसारखं आहे हे. गादी हलते आणि फरशीला फारसं कळत नाही, पण अगदीच कळत नाही असंही नाही.

उरलेल्या २८ टक्क्यांवरून रेषेची, म्हणजे मोजमापातल्या शिखराची, रुंदी काढता येते. पाच थरांत लहर खाली जाऊन वर यायला ०.९२ पिकोसेकंद लागतात. दर फेरीला ऊर्जा ०.७२ पट होत असेल तर रुंदी सुमारे ०.०६ टेराहर्ट्झ, म्हणजे पाव मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतच. सूर दोनचा आणि त्याची रुंदी पावाची, तेव्हा शिखर स्पष्ट दिसणार.

आता सोडियमच्या जागी शिसं ठेवा. शिसं जड, म्हणून ते आपली कंपनं आपल्याजवळ राखेल, असं पटकन वाटतं. पण घनता ११,३४० आणि वेग सुमारे २.२ किलोमीटर प्रति सेकंद धरला तर इम्पिडन्स २५० लाख होतो, तांब्याच्या बराच जवळ. परावर्तन दहा टक्क्यांहूनही कमी! म्हणजे लांब तरंगलांबीच्या उभ्या कंपनांना तांब्याचा पाया जवळपास उघडं दार आहे. जड-हलकं असा अंदाज बांधण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं गणित आधी करावं.

साखळीत हे दाखवायला खाली तांब्याचे पन्नास-साठ मणी जोडा आणि सगळ्यात तळाचा मणी भिंतीला बांधा. तांब्यासाठी शेजारी अणूंमधली स्प्रिंग २८ न्यूटन प्रति मीटर घ्या. (००१) दिशेने दोन थरांमध्ये प्रत्येक अणूला चार तिरके बंध असतात. उभ्या दिशेत प्रत्येकाचा अर्धा हिस्सा येतो, म्हणून थराथरांतली स्प्रिंग ५६. आडव्या दिशेत चारांपैकी दोनच बंध कामाला येतात, तेव्हा २८. यावरून सर्वोच्च वारंवारिता ७.३३ आणि ५.१८ टेराहर्ट्झ येतात. न्यूट्रॉनने मोजलेल्या तांब्याच्या संबंधित वारंवारिता साधारण ७.२ आणि ५.१ आहेत. एकाच स्प्रिंगवर इतकं जुळतं म्हणूनच शिकण्यासाठी तांबं निवडावं.

खाली मणी जोडले की आयगेनव्हॅल्यूंची गर्दी होते आणि 'थराचा सूर' म्हणून एकच रेघ दाखवता येत नाही. म्हणून प्रत्येक आयगेनसदिशातून फक्त थरातल्या अणूंच्या आयामांचे वर्ग घेऊन बेरीज करा. ही बेरीज उभ्या अक्षावर आणि वारंवारिता आडव्या अक्षावर मांडा. सोडियमसाठी उंच अरुंद शिखरं दिसतील, शिशासाठी पसरट टेकाडं. ही 'थराचा वाटा' नावाची बेरीज पुढे सगळीकडे लागणार आहे, तेव्हा तिचं वेगळं फंक्शन लिहून ठेवा.

पायरी पाचवी: त्रिमितीचा स्लॅब

आता सोडियम सोडून निकेलकडे या. कारण व्यावहारिक आहे. सोडियमचे अणू तांब्याच्या चौकोनी जाळीवर नीट बसत नाहीत, स्वतःची जवळपास षट्कोनी मांडणी करतात. त्याला मोठी सेल (पुन्हा पुन्हा येणारा रचनेचा तुकडा) लागते. निकेलचा लॅटिस कॉन्स्टंट ३.५२ अँग्स्ट्रॉम, तांब्याचा ३.६१५. फरक २.६ टक्के. सुरुवातीचे थर निमूटपणे तांब्याच्या जागांवर बसतात, त्यामुळे थरामागे एकच अणू घेऊन भागतं.

पन्नास थरांचा स्लॅब घ्या. वर आणि खाली दोन्हीकडे निकेल ठेवा, म्हणजे सममिती टिकते. थरामागे एक अणू आणि तीन दिशा, म्हणून डायनॅमिकल मॅट्रिक्स १५० बाय १५०. लॅपटॉप हे क्षणात सोडवतो.

मॅट्रिक्स भरायची रीत अशी. प्रत्येक अणूचे जवळचे शेजारी शोधा: आपल्या थरात चार, वर चार, खाली चार. प्रत्येक बंधासाठी एकक सदिशाचा स्वतःशीच बाह्य गुणाकार करा आणि त्याला स्प्रिंगने गुणा. हा तीन बाय तीनचा ठोकळा अणूच्या कर्णावरच्या जागेत मिळवा. शेजाऱ्याच्या जागेतून तोच ठोकळा फेजच्या घटकाने गुणून वजा करा. फेज म्हणजे समांतर तरंगसदिश आणि दोन अणूंमधलं समांतर अंतर यांचा गुणाकार. शेवटी सगळं दोन्ही अणूंच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागा. पृष्ठभागावरच्या अणूला वरचे चार शेजारी नाहीत, तेव्हा त्याच्या कर्णावर आठच बंधांची बेरीज येईल. ती बाराची करू नका. बल्कचा (स्फटिकाच्या आतल्या अणूचा) कर्ण तसाच उचलून पृष्ठभागावर ठेवला तर स्लॅब अदृश्य भिंतीला बांधल्यासारखा वागतो आणि रेले लहर गायब होते.

तरंगसदिश कुठून कुठे न्यायचा? चौकोनी पृष्ठभागाच्या ब्रिल्वाँ झोनमध्ये (तरंगसदिशांच्या चौकोनात) गॅमा (मध्य), एक्स (बाजूचा मध्य), एम (कोपरा) आणि परत गॅमा. तांब्याच्या (००१) पृष्ठभागावर शेजारी अणूंमधलं अंतर २.५५६ अँग्स्ट्रॉम, म्हणून गॅमा ते एक्स १.२३ प्रति अँग्स्ट्रॉम आणि गॅमा ते एम १.७४.

आलेख काढण्यापूर्वी या गोष्टी तपासा. गॅमावर नेमक्या तीन वारंवारिता शून्य यायला हव्यात. मॅट्रिक्स हर्मिशियन हवं. निकेल न ठेवता शुद्ध तांब्याचा स्लॅब चालवला तर सगळ्यात वरची रेघ ७.३३ च्या पलीकडे जाता कामा नये. एक्सजवळ रेले लहरीच्या दोन रेघा एकमेकींवर बसलेल्या दिसायला हव्यात, कारण स्लॅबला दोन पृष्ठभाग आहेत.

गॅमाजवळ मात्र त्या दोन रेघा फाकतात, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रेले लहर खाली साधारण आपल्या तरंगलांबीइतकी खोल जाते. तरंगसदिश ०.१ प्रति अँग्स्ट्रॉम असेल तर तरंगलांबी ६३ अँग्स्ट्रॉम, आणि तांब्याचे थर १.८१ अँग्स्ट्रॉमवर असल्याने ती जवळपास ३५ थर झाली. पन्नास थरांच्या स्लॅबमध्ये वरची आणि खालची लहर एकमेकींना भेटणारच. त्या टापूतल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका, किंवा थर वाढवा. लॉर्ड रेले यांनी १८८५ मध्ये ही लहर सलग माध्यमासाठी मांडली तेव्हा तिला ना थर होते ना अणू. आपल्या आलेखात गॅमाजवळची सरळ रेघ ही त्यांची, आणि झोनच्या कडेला ती वाकते तो अणूंचा हिशोब.

पायरी सहावी: पृष्ठभागाची स्प्रिंग जरा कमी-जास्त करा

निव्वळ बल्कच्या स्प्रिंगा वापरून पृष्ठभागाचं उत्तर जवळपास येतं, तंतोतंत येत नाही. युलिशमधल्या हाराल्ड इबाख यांच्या गटाने १९८३ मध्ये निकेलच्या (१००) पृष्ठभागावरचे फोनॉन इलेक्ट्रॉन एनर्जी लॉस स्पेक्ट्रोस्कोपीने मोजले. ते जुळवायला पहिल्या आणि दुसऱ्या थरामधली स्प्रिंग बल्कपेक्षा सुमारे २० टक्के ताठ धरावी लागली. वरचे शेजारी गमावलेला थर आतल्या बाजूला किंचित ओढला जातो आणि बंध आखडतो, हे त्यामागचं कारण.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये हा एक बदल करा: पहिल्या-दुसऱ्या थरातले बंध १.२ पट. एक्स बिंदूवर रेले लहर वर सरकेल. आता हेच तांब्यावरच्या निकेलसाठी विचारा. निकेल-निकेल स्प्रिंग तांब्यापेक्षा ताठ, वस्तुमान ५८.६९, तांब्याच्या ६३.५५ पेक्षा किंचित कमी. दोन्ही गोष्टी वारंवारिता वर नेतात. पण तांब्याच्या जागांवर बसताना निकेल आडवा ताणला जातो आणि थरातले बंध सैल होतात. उभ्या दिशेत थर खाली दबतो. म्हणून आडव्या आणि उभ्या कंपनांवर ताणाचा परिणाम सारखा नसतो, आणि एकच गुणक सगळीकडे लावणं चुकीचं. थरातल्या बंधांना एक गुणक, थराथरांतल्या बंधांना दुसरा, आणि निकेल-तांबे सीमेला तिसरा. तीनच चलं ठेवा. आठ चलं ठेवलीत तर आलेखात हत्तीही बसवता येईल.

पायरी सातवी: खरी बलं

स्प्रिंगा हाताने धरायच्या नसतील तर अणूंवरची बलं काढणारं सॉफ्टवेअर लागतं. फुकट मिळणाऱ्यांत एएसई या पायथॉन संचातला ईएमटी (इफेक्टिव्ह मीडियम थिअरी) कॅल्क्युलेटर सगळ्यात हलका. तांबं, निकेल, चांदी, सोनं, पॅलेडियम, प्लॅटिनम आणि ॲल्युमिनियम एवढे धातू त्याला कळतात, आणि जुन्या लॅपटॉपवरही तो पळतो. अचूकतेत तो बेताचाच. म्हणून आधी बल्क तांब्याच्या वारंवारिता काढा, ७.२ आणि ५.१ पासून किती लांब आहेत ते बघा आणि तेवढाच विश्वास ठेवा. पुढची पायरी क्वांटम एस्प्रेसो. त्यात डेन्सिटी फंक्शनल थिअरीवरून (इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम गणितावरून) थेट फोनॉन निघतात, पण काम तासांचं नाही, दिवसांचं होतं.

यात एक गणित आधीच करून ठेवा. अणू ०.०१ अँग्स्ट्रॉमने हलवून बल मोजायचं असतं. स्प्रिंग २८ न्यूटन प्रति मीटर, म्हणजे १.७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति चौरस अँग्स्ट्रॉम. तेव्हा बदलणारं बल असेल फक्त ०.०१७५. रचना स्थिर करताना ०.०१ चं उरलेलं बल चालवून घेतलं तर सिग्नलच्या निम्म्याहून जास्त कचरा आत आला! उंबरठा ०.००१ च्या खाली न्या, आणि अणू दोन्ही बाजूंना हलवून फरक घ्या, म्हणजे उरलेलं बल छाटलं जातं.

सात ते नऊ थरांचा स्लॅब, वर १०-१५ अँग्स्ट्रॉम मोकळी जागा, एवढ्यावर पृष्ठभागाची बलं नीट मिळतात. पन्नास थर डेन्सिटी फंक्शनलने करू नका. मधल्या थरांची बलं बल्कसारखीच असतात, म्हणून बल्कचे फोर्स कॉन्स्टंट वेगळे काढून मध्ये भरायचे आणि कडांना पातळ स्लॅबमधून आलेले लावायचे. जोडल्यावर प्रत्येक अणूच्या कर्णाची बेरीज पुन्हा दुरुस्त करा, नाहीतर गॅमावरच्या तीन वारंवारिता शून्य राहत नाहीत.

काही रेघा ऋण वारंवारिता दाखवत शून्याखाली गेल्या तर दोन शक्यता. गॅमाच्या अगदी जवळ आणि किंचित असतील तर तो बहुधा संख्यात्मक कचरा. झोनच्या मध्ये किंवा कडेला ठसठशीत असतील तर तुम्ही धरलेली रचनाच टिकाऊ नाही, थराला दुसरीकडे कुठेतरी बसायचं आहे. ही माहिती मोलाची असते, तिला झाकू नका.

आणि आपल्याकडचं वास्तव. लाइट जाते. म्हणून प्रत्येक विस्थापनाची बलं वेगळ्या फाइलमध्ये साठवणारी पद्धतच निवडा. एएसई ते करतं आणि पुन्हा सुरू केल्यावर झालेलं काम सोडून पुढे जातं. मध्येच बंद पडल्यावर एखादी रिकामी फाइल मागे राहते, ती शोधून पुसा, नाहीतर पुढची धाव तिथेच अडते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असताना दुपारी लॅपटॉप तापून आपला वेग आपणच कमी करतो. लांब धावा रात्री लावा. इन्व्हर्टर डेस्कटॉपला किती वेळ पुरतो, ते आधीच एकदा मोजून ठेवा.

पायरी आठवी: रेघा वाचा

दीडशे रेघांचा आलेख कुणालाही काही सांगत नाही. प्रत्येक बिंदूला तीन गोष्टी जोडा: थराचा वाटा (पायरी चौथीतलं फंक्शन), कंपन उभं की आडवं, आणि ते तरंगाच्या दिशेच्या उभ्या पातळीत आहे की तिच्याशी काटकोनात. थराचा वाटा ठिपक्याच्या आकाराने दाखवा, दिशा रंगाने. मग चित्र बोलू लागतं.

खालच्या स्फटिकाच्या बल्क पट्ट्याखाली जी रेघ मोकळ्या जागेत आहे तिला झिरपायला वाट नाही, म्हणून ती धारदार राहते. पट्ट्यात शिरली की तिचं अनुनादात रूपांतर होतं आणि रुंदी येते. सोडियमचे सूर गॅमावर झिरपतात, पण झोनच्या कडेकडे जाताना तांब्याच्या पट्ट्याची खालची कड वर जाते आणि तेच सूर मोकळे होतात. एकाच कंपनप्रकाराची रुंदी तरंगसदिशानुसार अशी बदलते, हे दाखवणारा आलेख माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधला सर्वांत चांगला आलेख असतो.

प्रयोगाशी ताडताना कोणतं उपकरण काय बघतं, हे विसरू नका. हीलियमचा झोत (२० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला तरंगलांबी जवळपास १ अँग्स्ट्रॉम) पृष्ठभागात शिरत नाही, बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या ढगावरून परततो. उभी कंपनं त्याला ठळक दिसतात, आडवी काटकोनातली जवळपास नाहीत. पण धातूंत एक गंमत आहे. आतल्या थराचं कंपनही इलेक्ट्रॉनांमार्फत पृष्ठभागावरचा ढग हलवतं, त्यामुळे तांब्यावरच्या शिशाच्या थरांत हीलियमला कित्येक थर खोलचे फोनॉनही जाणवतात. तेव्हा तुमचा 'सगळ्यात वरच्या थराचा वाटा' कमी असूनही प्रयोगात शिखर असेल, तर लगेच मॉडेलला दोष देऊ नका. लोखंडाच्या थरांसाठी आणखी एक वाट आहे. लोखंड-५७ या समस्थानिकावर १४.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे सिंक्रोट्रॉन क्ष-किरण टाकून फोनॉनांची घनताच मिळते, आणि टंगस्टनच्या (११०) पृष्ठभागावर लोखंडाच्या एका थरापर्यंत हे मोजमाप २००७ मध्ये पोचलं. त्याच्याशी तुलना करायची तर तुम्हाला डिस्पर्शनच्या (तरंगसदिशानुसार वारंवारिता दाखवणाऱ्या) रेघा नकोत, सगळ्या झोनवर बेरीज केलेला थराचा वाटा हवा.

आणखी एक, छोटं पण तोंडी परीक्षेत हटकून निघणारं. छापलेल्या शोधनिबंधातला 'तीन थर' आणि तुमचा 'तीन थर' एकच आहे का? प्रयोगात थर मोजताना वाढीच्या वेळी परावर्तित झोताची तीव्रता वर-खाली होते आणि एका हेलकाव्याला एक थर धरतात. पहिला थर पूर्ण होण्याआधी दुसऱ्याची बेटं उगवली असतील तर 'तीन' म्हणजे दोन, तीन आणि चार यांची खिचडी. तुमच्या दोन, तीन आणि चार थरांच्या उत्तरांची वजनी सरासरी काढून ठेवा आणि मोजलेलं शिखर तिच्याशी पुन्हा लावून बघा. पुष्कळदा स्प्रिंगला हात न लावताच उरलेला फरक निघून जातो.